आठ लॉक आणि एक उंबरठा

आयडाहो राज्यातलं लुइस्टन हे बंदर आहे असं सांगितलं की भारतातून आलेले पाहुणे आधी फोनवर नकाशा उघडतात. समुद्र तिथून नदीच्या वाटेने जवळजवळ साडेसातशे किलोमीटर लांब आहे. मधे डोंगर, बोडके कोरडे उतार आणि मैलोन्मैल गव्हाची शेतं. तरी बार्ज, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या होड्या, समुद्राकडून तिथवर जातात, आणि जाताना सुमारे सव्वादोनशे मीटर वर चढतात. कोलंबिया नदीवरची बोनव्हिल, द डॅल्स, जॉन डे आणि मॅकनरी ही चार धरणं, मग तिची उपनदी स्नेक, तिच्यावरची आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनिट ही चार. आठही धरणांवर वीज तयार होते आणि आठही धरणांच्या अंगाला एकेक लॉक आहे, म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेला एक प्रचंड हौद (चेंबर), ज्यात पाणी भरलं की आतली बोट वर चढते आणि सोडलं की खाली उतरते. शेवटचं लोअर ग्रॅनिट १९७५ साली झालं आणि लुइस्टनला बंदर म्हणवून घेता आलं.

मी व्हँकुव्हरला राहते. कॅनडातलं नव्हे, पोर्टलंडच्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावरचं. मूळची कोल्हापूरची, उद्यमनगरात वाढलेली, आणि धंद्याने वेल्डिंग इन्स्पेक्टर. पूल, पाइपलाइन, टाक्या असं सगळं बघते, पण मन रमतं ते पाण्याच्या गेटांमध्ये. धरणावर येणारे लोक टर्बाइन हॉल बघतात, काचेपलीकडून शिडी चढणारे सामन मासे बघतात, आइस्क्रीम खातात आणि जातात. लॉक कुणी फारसं बघत नाही. बघितलं तरी पाणी कसं चढतं ते बघतात. खरी गंमत पाण्याखाली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट, लॉकमध्ये पंप नसतो. हे सांगितल्यावर निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. बार्ज आत आली, खालचं गेट बंद झालं, की वरच्या जलाशयातून भिंतीच्या पोटातल्या बोगद्यांनी पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि चेंबरच्या तळातून वर उकळतं. उतरताना तेच पाणी खालच्या नदीत सोडून द्यायचं. जॉन डेचं चेंबर ८६ फूट रुंद, पावणेसातशे फुटांच्या आसपास लांब, आणि उचल साधारण ११० फूट. गुणाकार करून बघा, एका खेपेला अठरा कोटी लिटरच्या घरात पाणी जातं. हे पाणी टर्बाइनमधून जात नाही, म्हणजे तेवढी वीज सोडून दिलेली असते. बदल्यात चार बार्जचा एक ताफा वर चढतो. त्यातला गहू रस्त्याने न्यायचा तर पाचशेहून जास्त ट्रक लागतील.

हे पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या लोकांना ते लगेच कळेल. कोयनेचे वक्र दरवाजे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात. फुगीर बाजू जलाशयाकडे आणि हात मागे, खालच्या अंगाला. लॉकच्या बोगद्यातला व्हॉल्व्ह त्याच जातीचा, पण उलटा बसवतात. फुगीर बाजू खालच्या प्रवाहाकडे, हात आणि ते ज्यावर फिरतात तो ट्रनियन वरच्या बाजूला, पाण्यात. हा उफराटा प्रकार कशासाठी? व्हॉल्व्ह उचलायचा तर त्याच्या डोक्यावर एक उभी विहीर लागते. सुलट बसवला तर ती विहीर व्हॉल्व्हच्या खालच्या अंगाला येते, जिथे वेगाने धावणाऱ्या पाण्यामुळे दाब कमी झालेला असतो. मग विहिरीतून हवा खेचली जाते, बोगद्यात मोठमोठे गोळे होतात आणि चेंबरमध्ये ते बार्जच्या पोटाखाली फुटतात. दोरखंड तुटायला तेवढं पुरे. उलटा बसवला की विहीर दाबाच्या बाजूला राहते, पाण्याने भरलेली, आणि हवा शिरायला जागा मिळत नाही. उचल जास्त असेल तर व्हॉल्व्हच्या ओठाखाली कॅव्हिटेशन होतं, म्हणजे पाण्याचेच बुडबुडे फुटून काँक्रीट आणि पोलाद कुरतडतात, म्हणून तिथे मुद्दाम मोजून थोडी हवा सोडतात. आधी हवा येऊ नये म्हणून एवढा खटाटोप, आणि मग चिमूटभर हवा आपणच द्यायची. ज्याने पहिल्यांदा हे जमवलं त्याला माझा नमस्कार.

आणखी एक खोडी. बोगद्यातलं एवढं पाणी एकदा वेगात आलं की पातळी सारखी झाली म्हणून थांबत नाही. चेंबर जलाशयापेक्षा काही इंच वर भरतं. तो क्षण ऑपरेटर पकडतो, कारण तेव्हा वरचं गेट आपण होऊन सैल पडलेलं असतं.

आता गेट. वरचं गेट तुलनेने बुटकं असतं, कारण ते उंच पायरीवर उभं असतं. खालच्या गेटाला मात्र तळापासून वरच्या पातळीपर्यंत सगळं पाणी अडवावं लागतं. जॉन डेला खालचं गेट सरळ वर उचललं जातं, दोन्ही बाजूंच्या टॉवरमधून, आणि बार्ज त्याच्याखालून जाते. डेकवर उभ्या माणसाच्या अंगावर गळतीचा पाऊस पडतो तो वेगळाच. पूर्ण उचलीला त्या गेटाच्या बुडाशी दर चौरस मीटरला तेहतीस टनांच्या वर दाब येतो. बोनव्हिल आणि द डॅल्सला माइटर गेट आहे, दोन झडपांचं, आणि माझा जीव त्यातच अडकलेला आहे.

जुन्या वाड्याचा दरवाजा आठवा. त्याला बिजागरी नसते. झडपेच्या खालच्या कोपऱ्यातली खुंटी दगडातल्या खळग्यात फिरते आणि वरची चौकटीत. माइटर गेटाची रचना तीच. बुडाला पिंटल, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेला अर्धगोल पोलादी गोळा, आणि त्यावर झडपेचं ब्राँझ बुश, म्हणजे त्या गोळ्यावर बसून फिरणारी वाटी. वर गजन पिन, जाड पट्ट्यांनी भिंतीत खोल बांधलेली. दोन्ही झडपा मिटल्या की मधे व्ही होतो, टोक पाणी येतं त्या दिशेला. पाणी जितकं दाबेल तितक्या झडपा एकमेकींवर आणि भिंतीवर घट्ट बसतात. अडसर लागत नाही. मात्र हा सगळा भार तीन अरुंद जागांमधून जातो. दोन झडपा जिथे भेटतात ती उभी कड, झडप भिंतीला टेकते ती उभी कड, आणि खाली उंबरठा. झडप कितीही अवाढव्य असो, काम करते ती हातभर रुंदीची पट्टी.

पलीकडच्या वर्षी आमचे आप्पा आले होते. आप्पांनी उद्यमनगरात आयुष्यभर लेथ आणि बोअरिंग मशीन चालवलं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हा त्यांचा अभिमानाचा विषय आहे. पावसाळ्यात तिसरा दरवाजा उघडल्याची बातमी आली की जणू त्यांनीच तो उघडला अशा थाटात घरात सांगतात. त्यांना मी बोनव्हिलचं लॉक दाखवलं. एक टग (बार्ज ढकलणारी बोट) चार बार्ज घेऊन आत शिरत होता. दोन्ही बाजूंना बोटभर नव्हे, पण फूट-दीड फुटाच्या आतबाहेर जागा. मला वाटलं ते याचं कौतुक करतील. त्यांनी गेटाकडे बघून विचारलं, "काय गं, ह्याच्या बुडाला ग्रीस कोण घालतंय?"

इतकी वर्षं लोकांना लॉक दाखवते आहे, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

ग्रीस वरून घालतात. झडपेच्या अंगावरून एक पाइप खाली पिंटलपर्यंत जातो, वर पंप. अडचण अशी की खाली ते पोचलं की नाही हे वरून कळत नाही. पाइप कुठे पिचला तर ग्रीस नदीत जातं आणि बुश कोरडं राहतं. पंपाचा काटा मात्र आपला सगळं ठीक आहे असंच दाखवतो. नदीत सामन असल्यामुळे कुठलं ग्रीस वापरायचं यावरही बंधनं आहेत. म्हणून आता नव्या कामांत स्ववंगण बुश घालतात, ज्यांना ग्रीस लागतच नाही. हे मी आप्पांना समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे पुढची वीस वर्षं तिकडं कुणी बघणारच न्हाई." मी त्यावर बरंच काही बोलले, झीज मोजायच्या पद्धती वगैरे सांगितल्या. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ग्रीस घालायला जाणारा माणूस आवाजही ऐकतो, आणि ग्रीसबरोबर तोही गेला.

आवाजावरून आठवलं. चेंबरच्या भिंतीत उभ्या खाचा असतात आणि त्यात तरंगते खुंट. पाणी चढेल तसा खुंट वर येतो, म्हणून बोटीचा दोर सारखा आवळावा-सोडावा लागत नाही. हे खुंट खाचेत घासत वर येताना किंचाळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं काही नसतं. मात्र छोट्या होडीवाल्यांना एक नियम पाठ असावा लागतो. दोर खुंटाला वेढा घालून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. खुंट मधेच अडकला आणि पाणी उतरत राहिलं तर गाठ मारलेली होडी भिंतीला लटकते. म्हणून दोर कापायला सुरी जवळ ठेवतात. होडीवाल्यांना या लॉकमधून जायला पैसे पडत नाहीत, ही माहिती मी आमच्या मंडळातल्या लोकांना सांगितली तेव्हा सगळ्यांना एकदम नदीबद्दल प्रेम वाटायला लागलं.

माझं स्वतःचं काम पाणी काढल्यावर सुरू होतं. बहुतेक वर्षी मार्च महिन्यात सगळी लॉकं साधारण दोन आठवडे बंद ठेवतात. एखाद्याचं चेंबर पूर्ण कोरडं करायचं असेल तर दोन्ही टोकांना तात्पुरते बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारे आडोसे, लावतात आणि उरलेलं पाणी उपसतात. इथे मात्र पंप लागतोच. सगळ्यांत आधी उतरतात ती मासे वाचवणारी माणसं. तळाच्या डबक्यांत अडकलेले स्टर्जन, लॅम्प्री जाळ्यांनी उचलून नदीत सोडतात. मग आम्ही. शेवाळाचा आणि गाळाचा वास, भिंतींवरून टपटपणारं पाणी, आणि डोक्यावर सातआठ मजली झडप. खालून वर बघितलं की फोटोत ती कधीच खरी वाटत नाही असं लक्षात येतं.

झडपेला एक खोड असते. एका कडेवर टांगलेली असल्यामुळे तिचं मोकळं टोक खाली लोंबतं आणि उघडता-मिटताना पाण्याच्या ओढीने ती पिळवटते. तो पीळ काढायला झडपेच्या मागच्या अंगावर तिरप्या पोलादी पट्ट्या असतात, आधीच ताणून ठेवलेल्या. हे ताणणं कलाकुसरीचं काम आहे. एक पट्टी ताणली की दुसरीचा ताण बदलतो, मग परत पहिली. पट्टी जिथे झडपेला जोडली जाते तिथे गसेट प्लेट, म्हणजे जोड पक्का करणारा जाड पत्रा, असते, आणि माझ्यासारखी बाई जाऊन पहिल्यांदा त्या गसेटच्या वेल्डचं टोक बघते.

बघायचं कसं? गंज आणि रंग ग्राइंडरने काढून पोलाद उघडं करायचं. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ फवारा. मग योक, म्हणजे हातात धरायचं दोन पायांचं विद्युतचुंबक, टेकवून चुंबकत्व द्यायचं आणि काळी शाई सोडायची. शाईत लोखंडाचा बारीक कीस असतो. वेल्ड धड असेल तर शाई वाहून जाते. भेग असेल तर चुंबकीय रेषा तिथे बाहेर पडतात, कीस तिथे गोळा होतो, आणि पांढऱ्यावर काळा केस पडल्यासारखी एक रेघ उमटते. पुसली तरी पुन्हा तिथेच. ती रेघ उमटली की मागे उभ्या असलेल्या माणसांचं बोलणं थांबतं, कारण प्रत्येकजण मनात बंदचे दिवस मोजायला लागतो. भेग लहान असेल तर खरवडून पुन्हा वेल्ड करतात. वेळ नसेल तर टोकाला भोक पाडून तिला तात्पुरती थोपवतात.

या भेगा येतात कारण प्रत्येक भरणं-रिकामं करणं हा झडपेवर एक फटका आहे. पूर्ण भार, शून्य भार, पूर्ण भार. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. पन्नास-साठच्या दशकातल्या डिझाइनमध्ये एकदाच येणाऱ्या जास्तीत जास्त भाराचा विचार नीट होता, थकव्याचा फारसा नव्हता. डिसेंबर २०१० ते मार्च २०११ या काळात सगळा जलमार्गच बंद ठेवून द डॅल्स, जॉन डे आणि लोअर मॉन्युमेंटल या तीन लॉकांची खालची गेटं नवी बसवली. गहूवाल्यांना आधीपासून सांगून ठेवलं होतं, त्यांनी माल आधी हलवला. शहाणपणाचं काम होतं ते, आणि असं शहाणपण फार क्वचित दिसतं.

आधी न सांगता लॉक अचानक बंद पडलं तर काय होतं ते सप्टेंबर २०१९ मध्ये दिसलं. बोनव्हिल हे समुद्राकडून पहिलं लॉक. इथलं जुनं लॉक १९३८ चं, ७६ फूट रुंद. त्यात मोठा ताफा मावायचा नाही, बार्ज सुट्या करून थोड्या थोड्या न्याव्या लागायच्या. म्हणून १९९३ मध्ये ८६ फुटांचं नवं बांधलं. तर या नव्या लॉकच्या खालच्या गेटाचा उंबरठा तडकला. ५ सप्टेंबरला लॉक बंद केलं, पाणी काढलं, तेव्हा तळाला फुटलेलं काँक्रीट दिसलं. गेट शाबूत, मशिनरी शाबूत, हायड्रॉलिक सिलिंडर शाबूत. फक्त ज्याला गेटाचं बूड टेकतं तो काँक्रीटचा पट्टा गेला. पाणी झडपेखालून निसटायला लागलं की लॉक भरत नाही, एवढं साधं. रात्रंदिवस काम करून खराब काँक्रीट फोडलं, नवे अँकर आणि सळ्या घातल्या, नवं ओतलं, आणि २७ सप्टेंबरला लॉक उघडलं. तीन आठवडे, आणि तेही गव्हाच्या हंगामात. वर धान्य भरलेल्या बार्ज, खाली रिकाम्या बार्ज, दोघीही एका उंबरठ्यापाशी थांबलेल्या.

मला यातून खटकतं ते असं. वीजघरात एक टर्बाइन दुरुस्तीला काढलं तर बाकीची चालतात. सांडव्याचं एक दार अडकलं तर शेजारचं उघडता येतं. लॉक मात्र एकेकच आहे, आणि आठ एकापुढे एक. त्यांतलं कुठलंही एक बंद पडलं की त्याच्या वरचं सगळं पाणी बंदरांच्या हिशेबात तळं झालं. चीनमधल्या थ्री गॉर्जेसला पाच पायऱ्यांचं लॉक बांधताना दोन रांगा बांधल्या, एक चढायला, एक उतरायला, शिवाय २०१६ पासून लहान जहाजांसाठी वेगळी लिफ्ट. तिथली वाहतूक प्रचंड आहे, तेवढी इथे नाही, म्हणून दुसरी रांग बांधा असं मी म्हणणार नाही. पण उंबरठा, क्वॉइनचे (झडप भिंतीला टेकते त्या कडेचे) ब्लॉक, पिंटल या स्वस्त आणि न दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे मागायला गेलं की मंजुरी मिळत नाही, आणि कंट्रोल रूमचे नवे पडदे लगेच मंजूर होतात. हे मी एका ठिकाणचं नाही, सगळीकडचंच सांगते आहे.

आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. नदीवरचं मोठं लॉक म्हटलं तर गंगेवर फराक्काला आहे, जुन्याशेजारी नवंही बांधलं, पण त्यामागे उंच जलविद्युत धरण नाही. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरच्या कालव्यांवर लॉकं होती, ती बुटकी. महाराष्ट्रातल्या नद्या चार महिने फुगतात आणि आठ महिने वाळतात, त्यात बार्जला पाणी कुठलं? कोयनेला लॉक बांधून कुणाला कुठे जायचं आहे?

आणि इथेही सगळं गोड नाही. द डॅल्स धरणाने १० मार्च १९५७ रोजी सेलिलो धबधबा बुडवला. हजारो वर्षं आदिवासी जमाती तिथे मासे धरत होत्या. तिथला तलाव भरायला काही तास पुरले. स्नेकवरची चार धरणं सामनसाठी फोडावीत अशी मागणी गेली कित्येक वर्षं चालू आहे. ती फुटली तर लुइस्टनचं बंदर संपेल आणि गहू रेल्वेने जाईल. माझी भाकरी या गेटांवर आहे, त्यामुळे माझं मत कुणी तटस्थ धरू नये. तरी सांगते. ठेवायची असतील तर नीट ठेवा, काढायची असतील तर काढा. ना धड देखभाल ना धड निर्णय, हा प्रकार पोलादालाही झेपत नाही आणि माशांनाही.

बघायला यायचं असेल तर बोनव्हिलला ऑरेगनच्या काठाने या, लॉक त्याच बाजूला आहे. चेंबर भरलेलं असताना खालच्या गेटाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन दोन झडपांची मधली उभी रेघ बघा. थोडं पाणी झिरपतंच, ते ठीक. एका ठराविक उंचीवर जोराची पिचकारी उडत असेल तर तिथे कडा नीट टेकत नाहीयेत असं समजा आणि बरोबरच्यांना ऐटीत सांगा. मार्चमध्ये मात्र येऊ नका, तेव्हा लॉक बंद असतं. मला मात्र नेमकं तेव्हाच बोलावतात.